रंगाआधी वायर, रबर आणि तेल: डब्ल्यू-१२४ बाळगणाऱ्या आपल्या क्लबला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी आणि डब्ल्यू-१२४ मर्सिडीज बाळगणारे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या रॅलीसाठी कार्यकारिणीने गुणांची जी पद्धत ठरवली आहे, तीत रंग, क्रोम, सीटचं चामडं आणि चाकांची चकाकी यांना भरपूर गुण आहेत. इंजिनाच्या वायरिंगला, ब्रेकच्या होजना (नळ्यांना), मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या रबरी डिस्कला किंवा गिअरबॉक्समधल्या तेलाला एकही गुण नाही. याचा परिणाम सरळ आहे. सभासद दरवर्षी रंगावर आणि पॉलिशवर खर्च करतात, आणि तीस वर्षांचं रबर घेऊन आंबोलीचा घाट उतरतात. ही पद्धत बदलावी, अशी आमची कार्यकारिणीला जाहीर विनंती आहे. ती का बदलावी, हे गाडी उघडूनच सांगावं लागेल.

ही गाडी १९८४ च्या अखेरीस जर्मनीत आली. मर्सिडीजने १९९४ मध्ये भारतात कंपनी स्थापन केली आणि १९९५ मध्ये पुण्यात टेल्कोच्या आवारात जोडणी सुरू केली, ती याच गाडीने. चाकणचा कारखाना २००९ चा, म्हणजे फार पुढचा. आपल्या बहुतेक सभासदांकडे आहेत त्या ई-२२० पेट्रोल आणि ई-२५०-डी डिझेल त्या पुण्यातल्या. म्हणजे आपली सर्वांत नवी गाडीही आज पाव शतकाच्या पलीकडची आहे. या गाडीचा पत्रा, इंजिनाचा ब्लॉक, टायमिंग चेन हे सगळं अजून पुष्कळ वर्षं चालेल. संपलंय ते रबर, प्लास्टिक आणि वायरवरचं आवरण. या तीन वस्तू गाडी उभी राहिली तरी म्हाताऱ्या होतात. किलोमीटर कमी झालेत, हे त्यांच्या बाबतीत काहीच सांगत नाही. शिवाय या गाडीच्या ओडोमीटरमधलं बारीक प्लास्टिकचं गिअर तुटून आकडा थांबणं ही नेहमीची गोष्ट आहे. ‘फक्त साठ हजार चालली’ असं कुणी सांगितलं, तर ओडोमीटर कधीपासून बंद आहे, हे आधी विचारा.

सगळ्यात आधी ई-२२० च्या मालकांशी बोलायचं आहे, कारण त्यांच्या गाडीत जो दोष आहे तो दिसत नाही. साधारण १९९२ ते १९९५ च्या काळातल्या मर्सिडीजच्या इंजिन हार्नेसमधल्या, म्हणजे वायरींच्या जुडग्यातल्या, वायरींचं आवरण उष्णतेने कडक होतं आणि मग भुगा होऊन गळतं. आपली २१९९ सीसीची एम-१११ इंजिनं नेमकी त्या काळातली आहेत. वरून हार्नेसवर काळी नळी असते, ती शाबूत दिसते. आत मात्र तांब्याच्या तारा उघड्या पडून एकमेकींना टेकत असतात. सुरुवातीला आयडलिंग वरखाली होतं, मग सिग्नलला गाडी बंद पडते, मग कधी एखादा सिलिंडर सुटतो. गॅरेजवाला प्लग बदलतो, मग कॉइल, मग एअर-फ्लो सेन्सर. तोवर शॉर्ट होऊन थ्रॉटलची इलेक्ट्रिक यंत्रणा किंवा इंजिनाचं कंट्रोल युनिट जळलं, तर हार्नेसच्या कितीतरी पट खर्च पुढे उभा राहतो.

तपासणी दहा मिनिटांची आहे. इंजिन पूर्ण गार असताना बॅटरीची निगेटिव्ह सुटी करा. इंजेक्टरच्या कनेक्टरपाशी, जिथे वायर नळीतून बाहेर येते, तिथलं रबरी बूट हलकेच मागे सरकवा. वायर ओढायची नाही, फक्त बोटाने किंचित वाकवायची. आवरण मऊ राहिलं तर ठीक. त्यावर आडव्या चिरा दिसल्या किंवा खवले हातात आले, तर गाडी तिथेच थांबवा. हीच तपासणी थ्रॉटलकडे जाणाऱ्या वायरीवरही करा, तिचं आवरणही त्याच जातीचं आहे आणि हार्नेस बदलताना नेमकी तीच विसरली जाते. हार्नेसवर तारखेचा बिल्ला असेल तर तो वाचा, आधीच्या मालकाने बदललाय का ते कळतं. इन्सुलेशन टेप गुंडाळणं हा उपाय नाही, टेपखाली भुगा पडतच राहतो. एकतर नवा हार्नेस, नाहीतर जुने कनेक्टर ठेवून किमान १५० अंश सेल्सिअस सोसणाऱ्या आवरणाच्या वायरी घालून संपूर्ण नवं गुंफण. जाडी आणि रंग मूळ आकृतीप्रमाणेच ठेवा. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या घातल्या, तर पुढच्या बिघाडाच्या वेळी फिटर बिचारा काय शोधणार?

विजेचंच चाललंय म्हणून आणखी दोन गोष्टी. एबीएसचा दिवा अधूनमधून लागतो आणि आयडलिंगही बिघडतं, असं एकदम झालं की ओव्हरव्होल्टेज रिले आधी पाहा. त्याच्या आतले झाळ कालांतराने तडकतात. त्याच्या डोक्यावर फ्यूज असतो, तो आधी तपासा. फ्यूज ठीक असून त्रास असेल तर रिले बदला. दुसरं, आपल्या फ्यूज-बॉक्समधले गोळीसारखे जुन्या पद्धतीचे फ्यूज दमट हवेत काळे पडतात. पावसाळ्यानंतर एकेक काढून पुसा, क्लिपा घासा, आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीचे असतील तर तांब्याच्या पट्टीचे घाला. मुंबई, रत्नागिरी, गोव्याच्या सभासदांनी हे दर दिवाळीला करावं.

आता डिझेलवाले. पाच सिलिंडरचं २४९७ सीसीचं हे इंजिन दणकट आहे, यात वाद नाही. म्हणूनच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. त्याची जीवघेणी जागा म्हणजे समोर बसवलेला व्हॅक्यूम पंप. डिझेल इंजिनात ब्रेक बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम हा पंप तयार करतो. किल्ली फिरवल्यावर इंजिन बंद होतं तेही त्याच व्हॅक्यूममुळे. पंपाचं बेअरिंग फुटलं तर त्याचे छर्रे आत, टायमिंग चेनच्या घरात पडतात. चेन त्यांच्यावरून गेली की व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, पिस्टन सगळंच जातं. इंजिनाच्या समोरच्या बाजूने नवी टकटक ऐकू यायला लागली, ब्रेक पेडल जड झालं, तर पंप खोलून लिव्हर आणि रोलरचं खेळणं हाताने तपासा. दीड लाख किलोमीटर झाले असतील आणि पंप बदलल्याची पावती नसेल, तर आवाजाची वाट न पाहता बदला, असं आमचं स्पष्ट मत आहे.

किल्ली काढली तरी इंजिन चालूच राहतं, ही तक्रार डिझेलवाल्यांकडून नेहमी येते. बहुतेक वेळा व्हॅक्यूमची कुठली तरी रबरी जोडणी तडकलेली असते. गाडी गिअरमध्ये टाकून क्लच सोडून इंजिन गुदमरवू नका. इंजेक्शन पंपावर हाताने बंद करण्याचा लिव्हर आहे, तो दाबा. मग गळती शोधा. काटा असलेल्या व्हॅक्यूमच्या हातपंपाने एकेक नळी ताणून काटा पडतो का पाहणं, हाच खरा मार्ग. असा हातपंप क्लबने एकदाच विकत घ्यावा.

सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून लगेच इंजेक्शन पंप ‘कॅलिब्रेशन’ला उतरवण्याची आपल्याकडे घाई असते. त्याआधी तीन स्वस्त गोष्टी पाहा. इंजेक्टर ते इंजेक्टर जाणाऱ्या परतीच्या कापडी विणीच्या नळ्या, आतून साधारण सव्वातीन मिलिमीटरच्या, वाळल्या की त्यातून रात्रभर हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. मीटरभर नळीत सगळ्या बदलून होतात, शेवटच्या इंजेक्टरची बंद टोपीसुद्धा नवीनच घाला. मग गार इंजिन सुरू होण्यासाठी तापणारे पाचही ग्लो प्लग मल्टिमीटरने तपासा आणि ग्लो रिलेतली ८० ॲम्पियरची पट्टी पाहा. मग पंपाच्या डिलिव्हरी व्हॉल्व्हचे ओ-रिंग. त्यांच्यासाठी आतून दाते असलेला खास सॉकेट लागतो. पकडीने ते खोलू देऊ नका.

तेलाबद्दल थोडक्यात. पेट्रोल इंजिनात फिल्टरसकट साडेपाच ते सहा लिटर, डिझेलमध्ये साधारण सात. शेवटचं अर्धं लिटर नेहमी डिपस्टिक बघून घाला. वर्ष किंवा १०,००० किलोमीटर, जे आधी होईल ते.

गिअरबॉक्सवर मात्र थांबावं लागेल, कारण इथे चुकीचं तेल फार सर्रास भरलं जातं. पाच गिअरच्या मॅन्युअल बॉक्समध्येही एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल लागतं, साधारण दीड लिटर. जाड गिअर ऑइल भरलं की सकाळी पहिला-दुसरा गिअर पडत नाही, मग मालक सिंक्रोमेश गेले म्हणून बॉक्स उतरवतो. जाड तेल जातं ते मागच्या डिफरन्शियलमध्ये, १.१ लिटरच्या आसपास. दोन्ही ठिकाणी एकच नियम: आधी भरण्याचा नट सैल होतोय याची खात्री करा, मगच खालचा काढा. डिफरन्शियलचा नट १४ मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीचा आहे, आणि तो गंजून बसलेला असताना खालून तेल सोडून दिलं तर गाडी जागेवरच अडकते.

ऑटोमॅटिकवाल्यांनी फक्त चेंबरचं तेल काढून समाधान मानू नये. त्याने जेमतेम अर्ध्याहून थोडं जास्त तेल बदलतं. या गाडीच्या टॉर्क कन्व्हर्टरलाही स्वतंत्र ड्रेन प्लग आहे, हे अनेक फिटरांना माहीत नसतं. समोरून क्रँकचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवत राहा, खालच्या खिडकीतून प्लग समोर येतो, ५ मिलिमीटरची अ‍ॅलन की लागते. दोन्हींचं मिळून सहा लिटरच्या आसपास तेल निघतं. फिल्टर आणि चेंबरचं गॅस्केट बदला, आधी चार लिटर भरा, मग इंजिन सुरू करून ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक जागी थोडा वेळ ठेवा आणि बाकीचं थोडं थोडं घाला. पातळी बघायची ती तेल पूर्ण गरम असताना, सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये. डिपस्टिकवरच्या दोन खुणांमधलं अंतर जेमतेम ३०० मिलिलिटरचं आहे, त्यामुळे लिटरच्या डब्यातून अंदाजाने ओतू नका. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारा कपडाही नको.

रबराकडे येतो. प्रॉपेलर शाफ्टला पुढे आणि मागे अशा दोन रबरी फ्लेक्स डिस्क आहेत. बोल्टच्या भोकांमध्ये चिरा दिसल्या, गिअर टाकताना ‘ठक’ आलं, की दोन्ही एकदम बदला. शाफ्ट काढण्याआधी दोन तुकड्यांवर रंगाने खूण करा, नाहीतर जोडणी फिरून कंपन सुरू होतं. शाफ्ट उतरला आहेच तर मधलं बेअरिंगही पाहून घ्या. मागच्या चाकांना प्रत्येकी पाच दांडे आहेत. गाडी मागून तरंगल्यासारखी वाटते ती त्यांच्या बुशांमुळे, आणि आपल्याकडे मात्र शॉक ॲब्सॉर्बर बदलले जातात. बुश बदलताना एक गोष्ट हटकून सांभाळा: गाडी जॅकवर लटकलेली असताना बोल्ट फक्त बोटाने बसवा, शेवटचं आवळणं चाकांवर गाडीचं पूर्ण वजन आल्यावरच करा. हवेत आवळलेला बुश खाली येताच पीळ खाऊन बसतो आणि वर्षभरात फाटतो.

हीटरच्या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा फाटला की एसी चालू असतानाही हीटरमध्ये गरम पाणी जात राहतं, हवा गार होत नाही आणि मालक एसीचा गॅस भरत बसतो. गॅस भरण्याआधी हीटरकडे जाणारी नळी हाताने पाहा. सेटिंग पूर्ण थंड असताना ती गरम लागली तर दोष व्हॉल्व्हचा. एसीचा इव्हॅपोरेटर (हवा गार करणारी जाळी) खरोखर गळत असेल, तर संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो. तो उतरवण्याची वेळ आलीच, तर हवेची दिशा बदलणाऱ्या आतल्या झडपा आणि होजही त्याच वेळी बदलून घ्या, ते काम दुसऱ्यांदा कुणी आनंदाने करणार नाही. रेडिएटरच्या वरच्या होजचं प्लास्टिकचं तोंड जुनं झालं की घाटात अचानक तुटतं. ते तपकिरी पडलेलं दिसलं तर रेडिएटर बदला, एम-सील लावून घाटात जाऊ नका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं. बोअरचं पाणी कधीही नाही, मग टॉप-अप कितीही छोटा असो.

आपल्या भागातल्या पावसाला या गाडीत वेगळं स्थान आहे. एकच वायपर, जो फिरता फिरता बाहेर सरकून कोपऱ्यापर्यंत पोचतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो, त्याची यंत्रणा मध्यभागी घरात बंद आहे. आतलं ग्रीस वाळलं की वायपर मंदावतो, मोटरवर ताण येतो, आणि ताम्हिणीत ऐन सरीत तो थांबतो. मे महिन्यात घर उघडून जुनं ग्रीस पुसून नवं भरा. काचेखालच्या खळग्यातली पानं काढा, तिथले निचरे तुंबले की पाणी आत येऊन गालिच्याखाली साचतं. सनरूफच्या चार कोपऱ्यांच्या नळ्याही मोकळ्या करा. जॅक लावण्याच्या जागांची चौकोनी झाकणं काढून आत टॉर्चने पाहा. गंज तिथून सुरू होतो, आणि खालच्या प्लास्टिक पट्ट्यांच्या मागे लपून वाढतो. बाहेरून रंग झकास असलेल्या गाडीत स्क्रू-ड्रायव्हर आरपार जाऊ शकतो. परीक्षकांनी वर्षानुवर्षं ही झाकणं उघडली नाहीत, म्हणून आम्ही इतकं आग्रहाने लिहीत आहोत.

ब्रेक फ्लुइड डॉट-४, दर दोन वर्षांनी. दमट हवेतलं पाणी शोषून ते आधी उकळतं, आणि लांब उतारावर पेडल खाली जातं. चारही रबरी होजवर बारीक चिरा असतील तर फ्लुइडसोबतच बदला. घाट उतरताना गिअर खाली ठेवा, ऑटोमॅटिकमध्येही लिव्हर हाताने तिसऱ्यावर किंवा दुसऱ्यावर आणा. टायरच्या भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष. नक्षी कितीही असली तरी सहा-सात वर्षांनंतर तो टायर रॅलीला नको. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन-मीटरला. अलॉय चाकांचे बोल्ट लांब, लोखंडी स्टेपनीचे आखूड. मागच्या लोखंडी चाकाला लांब बोल्ट लावले तर ते आत पार्किंग ब्रेकच्या शूपर्यंत पोचतात. स्टेपनीचे पाच आखूड बोल्ट डिकीत आहेत का, हे आजच पाहा.

पेट्रोलबद्दल सभासद सतत विचारतात. देशात २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच आहे. एम-१११ मधले होज आणि सील त्यासाठी बनवलेले नाहीत. जुने इंधन होज काढून इंजेक्शनच्या दाबासाठी आणि इथेनॉलसाठी बनवलेले घाला, क्लॅम्पही नवे. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर अर्धी टाकी ठेवू नका, कारण इथेनॉल हवेतलं पाणी धरतं. आणि शक्यतो ती उभी ठेवूच नका. दर आठवड्याला अर्धा तास, इंजिन पूर्ण गरम होईपर्यंत चालवा. जागेवर पाच मिनिटं सुरू करून बंद केल्याने सायलेन्सरमध्ये पाणी साचण्यापलीकडे काही होत नाही.

कागदपत्रांचं काही सभासदांच्या मनात चुकीचं बसलंय. ‘विंटेज’ची सवलत आपल्याला नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांची असावी लागते. १९९५ च्या गाडीला २०४५ उजाडेल. तोवर १५ वर्षांनंतरची नोंदणीची दर पाच वर्षांची नूतनीकरणं, आरटीओची तपासणी, पर्यावरण कर आणि हाय सिक्युरिटी नंबर प्लेट हे सगळं रीतसरच करायचं आहे. तपासणीत धुराची चाचणी अडते ती बहुधा तुंबलेला एअर फिल्टर, जुने प्लग किंवा सुस्त इंजेक्टरमुळे, म्हणजे वर सांगितलेल्या कामांत कुठेतरी.

आता कार्यकारिणीकडे नेमकं मागणं. एकूण गुणांपैकी निम्मे देखभालीला द्या: हार्नेस किंवा व्हॅक्यूम पंप, फ्लेक्स डिस्क, ब्रेक होज, टायरचं वय, जॅकच्या जागा, आणि सर्व्हिसच्या पावत्यांची वही. यातल्या ब्रेक आणि टायरमध्ये गाडी नापास झाली तर तिने रॅलीत धावू नये, प्रदर्शनात उभी राहावी. हातपंप, दात्यांचा सॉकेट, १४ ची अ‍ॅलन की आणि टॉर्क पाना क्लबने घेऊन पुण्यात एकाच जागी ठेवावा, सभासदांनी नोंद करून न्यावा. सुटे भाग एकेकट्याने आणताना मुंबईच्या ऑपेरा हाउस किंवा दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारात डुप्लिकेट गळ्यात पडण्याचा धोका असतो. वर्षातून दोनदा सगळ्यांची यादी चेसिस नंबरसह एकत्र करून मागवली, तर लेमफर्डर, बॉश, मान या कंपन्यांचा खरा माल मिळेल आणि वाहतुकीचा खर्च वाटला जाईल. दुबई-शारजात राहणारे आपले मराठी सभासद जुन्या भागांच्या बाजारातून काच, दिवे, ट्रिम शोधून देऊ शकतात. रबर आणि ब्रेकचे भाग मात्र वापरलेले कुणाकडूनही घेऊ नयेत.

नव्या सभासदांना क्लबनेच आधी सांगावं की गाडी स्वस्तात मिळाली, तर जेवढी किंमत दिली तेवढीच रक्कम पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. ती रंगाला हात न लावता वरच्या क्रमाने खर्च करा.

रॅलीआधीच्या रविवारी आम्ही तपासणीसाठी थांबणार आहोत, सकाळी सातपासून. गाडी आदल्या रात्रीच आणून लावा किंवा ट्रेलरवर आणा, कारण इंजिन पूर्ण गार असल्याशिवाय आम्ही हार्नेसला हात लावणार नाही. बॅटरी सोडायला १० चा पाना सोबत असू द्या.

आपले,
क्लबच्या तांत्रिक समितीचे सदस्य